वहीत सगळं छान

ग्लेनिस : अगं, बॅग घेऊन कुठे निघालीस? सॉसेज तव्यावर आहेत. उद्यापर्यंत राहणार होतीस ना?

टेसा : होते. पण ग्लेनिसबाई, सहा वाजता डोळे उघडले तर तुमचे यजमान माझ्या पलंगावर बसलेले!

ग्लेनिस : अगं बाई! चहा आणला असेल. चाळीस वर्षं आम्ही खोल्या भाड्यानं देतो, पाहुण्यांचा सकाळचा चहा क्लाइवच नेतो. दाराबाहेर ट्रे ठेवायचा, टकटक करायचं, मागे फिरायचं.

टेसा : ट्रे रिकामा होता. मला म्हणाले, ‘हेदर, ऊठ, शाळेची बस चुकेल.’

ग्लेनिस : हेदर आमची लेक. तिचीच ती खोली. वय झालं गं त्याचं, थोडा विसरतो.

टेसा : थोडा? मी खाली आले तर गॅस सुरू आणि ज्योत नाही! घरभर वास. मी बंद केला, खिडक्या उघडल्या.

ग्लेनिस : मला वाटलं, तुला उकडलं असेल.

टेसा : मेलो असतो आपण! तिघंही!

ग्लेनिस : हळू बोल, तो अंगणात आहे. पोरी, हात जोडते, इंटरनेटवर लिहू नकोस. बुकिंग हेदर बघते, बर्मिंगहॅमहून. तिनं वाचलं की त्याला वृद्धाश्रमात नेईल. बावन्न वर्षांचा संसार आहे गं आमचा.

टेसा : आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?

ग्लेनिस : न यायला काय झालं? मार्चमध्ये लीड्सचं जोडपं नाश्ता न करता पळालं. यानं त्यांच्या बॅगा उपसून कपडे कपाटात लावले होते. तरी जाताना पाहुण्यांच्या वहीत लिहिलंच, ‘सगळं फार छान.’ आमच्याकडे तोंडावर वाईट बोलायची रीत नाही.

टेसा : आमच्या कॅनडात आहे. तुम्ही तरी हेदरला सांगायचं!

ग्लेनिस : दर रविवारी फोन येतो. ‘बाबा कसे?’ ‘मजेत.’ ‘तू?’ ‘मजेत.’ मग आम्ही पावसाबद्दल बोलतो.

क्लाइव : (आत येत) हेदर, निघालीस? चल, बसपर्यंत सोडतो. गाडीची चावी कुठाय?

ग्लेनिस : गाडी बिघडलीय, क्लाइव. बस तू.

क्लाइव : काही बिघडली नाही. चावी कुणीतरी लपवलीय. ही बघ, पिठाच्या डब्यात! पिठात चावी ठेवतं का कुणी शहाणं माणूस?

ग्लेनिस : दे ती इकडे. क्लाइव, दे म्हणते ना!

क्लाइव : हात सोड! कोण गं तू? माझ्या घरात काय करतेस?

ग्लेनिस : क्लाइव, मी...

क्लाइव : हेदर, ही बाई कोण आहे?

टेसा : त्या... त्या नाश्ता करायला आल्यात, बाबा. बसा ना. चावी मी धरते. अंडी किती घेणार?

क्लाइव : दोन. तू म्हणतेस म्हणून बसतो हं.

ग्लेनिस : आजवर मला तरी ओळखत होता गं.

टेसा : तुम्हीही बसा. अंडी मी बघते.

ग्लेनिस : नको. तो फोन दे इकडे.

टेसा : आज मंगळवार आहे.

ग्लेनिस : माहीत आहे. दे... हेदर? मी गं, आई. नाही, पावसाचं राहू दे. बाबा ठीक नाहीत... नाही गं, मीही नाही.