लाईव्ह मॉडेल

पार्लरच्या कोर्सले जायचं असन तं आधी मले इचारा. म्या अमरावतीच्या त्या अकॅडमीत नाव टाकायच्या आधी सगळं इचारलं होतं. सर्टिफिकेट कुठं चालते, कोर्स मधीच सोडला तं फी वापस भेटते का, सगळं. मॅडमनं माहितीपत्रक हाती देलं अन् म्हनल्या, "आमच्याकडे पहिल्याच आठवड्यापासून लाईव्ह मॉडेलवर प्रॅक्टिकल." मले लय भारी वाटलं. मॉडेल कोन, तेवढं इचारायचं राहून गेलं.

थ्रेडिंगच्या दिवशी मॅडम म्हनल्या, "जोड्या करा. एकमेकींच्या भुवया करा."

रविवारी माहं साक्षगंध होतं.

"मॅडम, मॉडेल येनार होत्या ना?"

"तुम्हीच मॉडेल. पत्रकात लिहिलं आहे, वाचलं नाही का?"

माही जोडीदारीन पातूरची होती. आतापर्यंत तिनं फक्त सोताच्या पायावर दोरा फिरवला होता. मी खुर्चीत बसली अन् डोळे मिटले. दोरा भुवईले लागला तं नुसता थरथरून राहिला होता. म्या पटकन डोळे उघडून तिले इचारलं.

"काहून वं, भेव वाटून राहिलं?"

"लय."

"पाह्य बाई, जपून कर. रविवारी माहं साक्षगंध हाये. एक भुवई गेली तं पोराकडचे काय म्हनतीन?"

"तुह्या भुवईचं भेव नाई वं," तिनं दोरा दातात धरूनच सांगतलं. "यानंतर तू माह्या भुवया करशीन. अन् माहं साक्षगंध शनिवारी हाये."