लोंबकळलेला काना

हॅलो?… हॅलो, साकेत? बोल… हो, जिनिंगच्या ऑफिसातूनच. जिनिंग बंदच हाय रे, यंदा कापूस आलाच कुठी? कॉम्प्युटर रिकामा, मी बी रिकामा… सीडी भेटली ना छापखान्यात? सकाळच्याच वणी गाडीनं धाडली… हो, लालीकाकी बसली हाय बाजूले. तिची गानी आज छापाले लागनार, मंग तांड्यावर थांबन का ती?

…वही? हाय ना हातात. खरं सांगू? हे मी लिहून ठेवनारच नवतो. काकी गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्याइच्या बोलीत गाये, मी त्याचं मराठी करून टाइप करो. गानं झालं की म्हने, "किती श्वास झाले, ते बी लिही." हसलो ना लेका मी! म्हटलं, श्वास कायले मोजाचे? ऐकते का ती? मंग मांडलं वहीत. पहिलं गानं, सात श्वास. दुसरं, अकरा… अबे एक श्वास म्हनजे एक ओळ! वाचता येत नाही तिले, पन ओळ कुठी तुटते ते तिलेच ठाऊक.

…तेच तर! परवा तुह्या प्रोग्रामनं सारे एन्टर खाल्ले. ब्याऐंशी गानी, कापसाच्या गाठीवानी दाबून एकच गठ्ठा. वरून तूच म्हनते, कागद वाचला! काकीपुढं म्हनून पाह्य एकडाव.

…अगा ऐक ना. या बारीनं मी हरेक एन्टरच्या जागी एक शब्द टाकून धाडला. 'समुद्र'. तू 'समुद्र' शोध, अन् त्याच्या जागी परत एन्टर टाक… टाकला?… पडल्या ओळी? साऱ्या?… काकी, जमलं!… कोनी नाही शिकवलं रे, हानत-पाडत शिकलो. चहा पाज आता.

…'समुद्र' काहून? गान्यात कुठीच नसन असा शब्द पाह्यजे होता. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कोनी पाह्यला बाप्पा? इथं विहिरीले पानी नाही!

…थांब, ओळी मोज पहिले. पाच वाजता छपाईची प्लेट काढतो म्हनला ना? मंग छापलं की छापलं… सात, बरोबर… अकरा, बरोबर… हं… हं… चाळीसलोक सारी बरोबर? वा रे काकी!

…एकेचाळीस? दहा? वहीत नऊ हाय. पुन्हा मोज… दहाच? काकी, मिठाच्या गान्यात श्वास किती?… नऊच म्हनते… नाही रे, तिचं नाही चुकत. पाह्य बरं नीट.

…काय? एका ओळीच्या सुरवातीले नुसता काना लोंबकळून राह्यला? अन् पुढं 'काठी'?… कोनाची काठी? काकी, मिठाच्या गान्यात काठी कुठून आली वो?… हं? मोठ्यानं म्हन…

…साकेत… 'समुद्राकाठी'! "बैल थांबले समुद्राकाठी, गोण्या भरल्या मिठानं"… हो, त्यातला 'समुद्र' बी उडाला, काना तेवढा राह्यला!… माह्याच हातानं टाइप केलं अन् माह्याच ध्यानात नाही! तिच्या आज्याचा तांडा लदेनी कराचा ना. बैलाच्या पाठीवर मीठ लादून थेट समुद्रावरून इथलोक… अन् मी म्हनतो, समुद्र कोनी पाह्यला! आमच्याच लोकाइनं पाह्यला लेका.

…हसून राह्यली. म्हनते, "मले पुसलं असतं, तं सांगतलं नसतं का?"… कोन, मी हुशार? जा बे. मी एक शब्द टाकला, तोबी चुकला. तिनं ब्याऐंशी गान्याचे श्वास पाठ ठेवले.

…हो, 'समुद्र' परत लाव, ओळ वर जोड. आता?… नऊ! काकी, नऊ!… पुढची? मोज… हं… हं… ब्याऐंशीवं तेरा? तेराच! काढ प्लेट, काढ!

…हो रे बाबा, पटलं… तुले शब्द देतो साकेत, यापुढं 'हा शब्द आपल्यात नाही' असं म्हनाच्या आधी लालीकाकीले पुसीन… हो, पक्का. ठेव आता.