मागच्या जहाजाने येतोय

एनेयाची आई : अजून तसेच पडलेत? दोन महिने झाले लामेकी, माझ्या एनेयाचे बूट आणून टाकलेत तुझ्याकडे. फाटका तळवासुद्धा काढला नाहीस.

लामेकी : चामडं यायचंय, मावशी.

एनेयाची आई : आणि हे भिंतीला काय टांगलंय? माझं लुगडं?

लामेकी : ते कातडं पातळ आहे. तळव्याला चालत नाही.

एनेयाची आई : मास्तरांना बरं चाललं! काल त्यांच्या बुटांना तळवे ठोकलेस, मी रस्त्यातून बघितलं. अख्ख्या न्चेऊ गावाला चामडं आहे, फक्त माझ्या लेकाला नाही. लॉरीतून उतरल्यावर अनवाणी फिरायचं का त्याने? पलटणीतून आलेल्या माणसाने?

लामेकी : बसा तरी. वहिनी, तुम्हीपण बसा. ऊन लागलंय तुम्हाला.

डायनेसी : आई, बुटांचं राहू द्या. ज्यासाठी आलोय ते सांगा दादांना.

एनेयाची आई : सांगते. सुनेला घाई झालीय बघ. लामेकी, उद्या सकाळी तुला माझ्या अंगणात यायचंय. मिशनवरचा तो गवंडी, फिलेमोन. त्याची माणसं येणार आहेत हिला मागायला.

लामेकी : वहिनींना?

एनेयाची आई : नाहीतर काय मला? नवरा जिवंत असलेल्या बाईला मागणं घालतात! म्हणे सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलंय, म्हणे तीन वर्षं झाली. गावचा मुखियाही त्यांच्या बाजूने डोलतो. मी म्हटलं, थांबा. कागद काय बोलतो? लामेकी मोची माझ्या लेकाबरोबर एकाच पलटणीत होता, एका जहाजाने गेला, त्याला विचारा. तर उद्या तू यायचं आणि दहा माणसांत सांगायचं.

लामेकी : काय सांगू?

एनेयाची आई : जे मला सांगितलंस तेच. एनेया मागच्या जहाजाने येतोय.

लामेकी : मावशी, उद्या माझं काम फार आहे. पोलीस चौकीचे सगळे पट्टे आलेत.

एनेयाची आई : पट्टे! लेकराच्या संसारापेक्षा पट्टे मोठे झाले? लहानपणी माझ्या चुलीवरची मक्याची न्सिमा खाल्लीस तू, विसरलास? मिशनच्या कारखान्यात चामडं शिकायला जायचास, येताना रोज माझ्या दारात.

लामेकी : नाही विसरलो.

एनेयाची आई : आणि भरतीवाला आला तेव्हा पहिलं नाव कुणी दिलं? तू. म्हणालास, मोची लागतात त्यांना, बंदूक धरावी लागणार नाही. तुझं बघून तो गेला. मी तुझा हात धरून म्हटलं होतं, लक्ष ठेव त्याच्यावर.

लामेकी : म्हटलं होतंत.

डायनेसी : दादा, माझ्याकडे बघून बोला. उद्या याल आणि तेच सांगाल?

एनेयाची आई : सांगेल. का नाही सांगणार?

डायनेसी : मला त्यांच्या तोंडून ऐकू द्या, आई. दोन वर्षं बघतेय मी. हे रस्त्यात आम्हाला बघितलं की खाली मान घालून आरी चालवतात. फिलेमोनसाठी मी काही झुरत नाहीये. तो आला काय, न आला काय. पण मला कुणीतरी सांगा, मी कुणाची वाट बघतेय?

लामेकी : वहिनी...

डायनेसी : येणार आहे का तो?

लामेकी : नाही.

एनेयाची आई : काय नाही? उद्या येणार नाहीस?

लामेकी : एनेया येणार नाही, मावशी. तो गेला. ब्रह्मदेशातच गेला. मला माहीत होतं.

(पलीकडच्या दुकानात शिवणयंत्र चालू आहे.)

एनेयाची आई : मी दोन भोपळे भरून थोब्वा आणला होता प्यायला, तू लॉरीतून उतरलास तेव्हा. एक तुझा, एक त्याचा.

लामेकी : हो. आणि तुम्ही विचारलंत, तो कुठंय. अंगात ताप होता, चार दिवस झोपलो नव्हतो. तुम्ही हसत होतात. तोंडातून निघून गेलं, मागच्या जहाजाने येतोय. म्हटलं, आज राहू दे, उद्या घरी जाऊन नीट सांगू. दुसऱ्या दिवशी आलो तर तुम्ही त्याच्या खोलीच्या भिंती सारवत होतात.

एनेयाची आई : कसा गेला?

लामेकी : नदी ओलांडताना. पाऊस होता, आपल्याकडे पडतो तसा नाही, महिनाभर न थांबणारा. तराफ्यावर पाच जण आणि दोन खेचरं. मधल्या धारेत उलटला. मी मागे राहिलो होतो, बुटांची पोती घेऊन.

एनेयाची आई : मग तू बघितलंस कुठं? पोहून निघाला असेल. भलतीकडे लागला असेल.

लामेकी : चार दिवसांनी खाली वळणावर सापडला. चेहरा राहिला नव्हता. गळ्यातला नंबराचा बिल्ला वाहून गेला होता.

एनेयाची आई : मग दुसराच कुणी असेल तो!

लामेकी : बूट त्याचे होते. डाव्या पायाच्या करंगळीवर कुरूप होतं ना त्याच्या?

एनेयाची आई : ...सात वर्षांचा असल्यापासून.

लामेकी : सरकारी बूट तिथं घासायचा. रात्री कण्हायचा. मी बुटाचं चामडं तेवढं कापलं आणि मऊ कातड्याचं ठिगळ शिवून दिलं. टाका माझा होता, मावशी. स्वतःचा टाका मला चुकणार नाही.

डायनेसी : मग कागदावर बेपत्ता का?

लामेकी : कचेरीत जाऊन सांगितलं. कारकून म्हणाला, बिल्ला आण. बुटावरून माणूस मेला असं लिहिता येत नाही. परत गेलो, परत तेच. मग मलाच ताप आला, इस्पितळात टाकलं.

एनेयाची आई : बूट काढून घेतले असतील त्याचे.

लामेकी : सार्जंट म्हणाला, काढ, दुसऱ्याला होतील. मी म्हटलं, तळवे कुजलेत, उपयोगाचे नाहीत. चांगले होते. बुटांसकटच पुरलं त्याला. काठापासून वर, पाणी चढणार नाही अशा जागी. आणखी दोघं होते माझ्याबरोबर खणायला.

एनेयाची आई : आणि इथं येऊन काय केलंस? दर लॉरीला मी तिथं उभी असायची आणि तू या ओसरीवरून बघत बसायचास!

लामेकी : बघायचो.

एनेयाची आई : हाक मारून पाणी द्यायचास मला! पाणी!

लामेकी : रोज ठरवायचो, आज सांगू. तुम्ही समोर आलात की जमायचं नाही. लोक विचारतात, लढाईत किती मारले. कुणालाही मारलं नाही मी. टाचा ठोकल्या, तळवे शिवले. पण थकलो, मावशी. तिथं इतका थकलो नव्हतो.

एनेयाची आई : मला सांग तू थकल्याचं. मला सांग!

डायनेसी : आई, उठू नका. चक्कर येईल. माझा हात धरा.

एनेयाची आई : तुझा हात कशाला धरू? तू आता जाशील.

डायनेसी : आधी डोकं भादरेन. त्याच्यासाठी सुतकात बसेन, जितके दिवस बसायचं तितके. मग पुढचं पुढं. आत्ता तर मी इथंच आहे ना?

एनेयाची आई : हं.

डायनेसी : दादा, तुम्ही हे आज नसतं सांगितलं, तर उद्या अंगणात खोटं बोलला असता?

लामेकी : माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही.

एनेयाची आई : लामेकी.

लामेकी : बोला, मावशी. शिव्या द्या.

एनेयाची आई : त्याला पुरलंत तेव्हा कुणी रडलं का?

लामेकी : नाही.

एनेयाची आई : तूही नाही?

लामेकी : पलटण दुपारी पुढं निघणार होती. त्याच्या आत सोळा जोड शिवून द्यायचे होते.

एनेयाची आई : आणि नंतर?

लामेकी : नंतर इथं आलो. इथं कसा रडणार? इथं तर तो येणार होता.

एनेयाची आई : डायनेसी, पुढं हो. शेजारणींना सांग. शोकाला बसायला चटया टाक अंगणात. मी येते सावकाश.

डायनेसी : एकट्या याल?

एनेयाची आई : एकटी कशाला? लामेकी, ओसरी आवर. तूही चल. पुरुषांच्या चटईवर बस आणि रडून घे एकदाचा.