पाठीवर माझं नाव

सगळा दोष आमच्या नानांचा, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्याचा. मिलिटरीतून रिटायर झालेत. मी कॉलेज सोडल्यापासून मला शिस्त शिकवतायत.

वजीर हा शर्यतीचा बैल आणि आम्ही पोरं त्याचे फॅन. आमच्या टी-शर्टावर पुढं वजीरचा फोटो, पाठीवर आपापलं नाव. यंदा वजीरच्या वाढदिवसाला त्याच्यापुढं केक धरायचा मान मला मिळणार होता.

औंधच्या शर्यतीच्या मैदानावर नाना मला ओढून घरी न्यायला आले आणि शेणात घसरून पडले. शर्ट बरबटला म्हणून मी माझा टी-शर्ट काढून दिला.

"बैलाचं थोबाड घालून फिरू व्हय मी?" म्हणत म्हणत घातला.

फायनलला वजीर हरला. नाना भेटेल त्याला मिलिटरीचं सांगत होते, त्यामुळं जिंकलेल्या बैलाच्या माणसांनी माइकवरून पुकारलं, "माजी सैनिकांच्या हस्ते गुलाल!" नाना विरघळले. गुलाल उधळला, वर हलगीवर नाचलेही. कुणीतरी मागून व्हिडिओ काढला. त्यात तोंड दिसत नव्हतं, माझं नाव दिसत होतं.

तो बघून वजीरच्या मालकांनी मला विचारलं, "दुसऱ्याच्या गुलालात नाचलास व्हय रं?"

"आवं, ते आमचे नाना!"

तिथंच नानांना स्पीकरवर फोन लावला.

"मी आन् नाचतोय? मला काय इज्जत हाय का न्हाई?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

यंदा वजीरचा वाढदिवस मी मोबाईलवर बघितला.