गाळणीवरची गुठळी

दातांच्या दवाखान्यात निवृत्त गुरुजी गाल धरून बसले होते. आज त्यांना सिरॅमिकचा दात बसवायचा होता. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या. थोरली तसलेच दात घडवणाऱ्या कारखान्यात होती, म्हणून गुरुजींचा कान आपोआप तिकडे वळला.

“काल आलेली पोरगी, आणि साहेब उठसूट तिचंच कौतुक करतात.”

“करते काय एवढं?”

“सिरॅमिकची पूड पाण्यात कालवते. थेंब थेंब आम्ल घालते, म्हणजे कण एकमेकांना चिकटत नाहीत. मग गाळते आणि साच्यात ओतते.”

“तू नाही गाळत?”

“बावीस वर्षं झाली मला. हाताला कळतं.”

“मग अडलं कुठे?”

“दाबून बघतात ना. माझा एक दात दगडासारखा, तर दुसरा लगेच फुटतो. तिचे दहाच्या दहा सारखे टिकतात.”

“तायडे, तू काहीतरी केलंयस. तोंडच सांगतंय तुझं.”

“ती जेवायला गेली तेव्हा तिच्या भांड्यात चिमूटभर कोरडी पूड टाकली. एक गुठळी राहिली की भट्टीत दात तडकलाच.”

“मग तडकले?”

“कसले तडकतात. ओतायच्या आधी तिनं पुन्हा गाळलं. गाळणीवरची गुठळी कागदात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवली.”

“काय म्हणाली?”

“‘ताई, ही तुमची ना?’ एवढंच.”

“आणि तू?”

“आता मीही गाळते.”

“तिच्यासारखं?”

“ती दोनदा गाळते. मी तीनदा.”