फोन न उचललेल्या

"बाळंतिणीला कुणी विचारत नसतं, आपणच सांगायचं," असं आत्याने तिला बाळंतपणानंतर बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. आज बाळाच्या लशीसाठी ती दवाखान्यात बसली होती. शेजारी सिस्टर आणि दवाखान्याच्या पाहणी समितीत रुग्णांच्या वतीने घेतलेल्या मावशी बोलत होत्या.

"मावशी, अहवालावर सही करा की. फोन करून विचारलंय, सगळ्या बाळंतिणी खूश आहेत."

"ज्यांनी फोन उचलला त्या. बाकीच्या?"

"त्यांची तक्रार नाही, असं धरलंय."

"अगं, माझ्या बाळंतपणानंतर मीही फोन उचलत नव्हते. अंथरुणातून उठवतच नव्हतं मला."

"मग आता दारोदार हिंडू? पायांचे तुकडे पडलेत माझ्या."

"माझेही पडलेत. चल, चप्पल घाल."

तुमच्या ओळखीतली बाळंतीण फोन उचलत नसेल, तर आजच तिच्या घरी जाऊन या.