दोर धरला त्याचा वाटा

बसा मंडळी, बसा! आधी एक सांगा. आपल्या आळीत कुणाकडे मयत झाली, तर बोलावण्याची वाट बघतो का आपण? नाही! पिठलं-भात घेऊन धावतो. मग पलीकडच्या आळीत कुणी गेलं, की तोच हात आखडतो कसा?

ऐका तर! समुद्रकाठी एक वाडी. तिथला तांडेल — मासेमारीतला म्होरक्या — भिवातात्या. वाडीची एकच रापण, म्हणजे लांबलचक जाळं. होडीनं अर्धगोल टाकायचं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. दोर धरला त्याला वाटा, हा नियम! जाळ्याचा मधला भाग तात्याच्या बायकोनं, तुळसानं विणलेला. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. जाळं वाळत घातलं, की तात्या तिथंच रेंगाळायचा. हात फिरवत राहायचा.

खाडीपलीकडे दुसरी वाडी. बोलणं बंद! भांडण आजोबांच्या वेळचं — कशावरून, ते आजोबांनाच ठाऊक!

एका सकाळी जाळ्यात मासळी मावेना. त्यात प्रवाह फिरला, जाळं खडकांकडे निघालं! अख्खी वाडी दोरांना लोंबकळली — म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे! एक दोर आवरावा, तर दुसरा सुटतो. एकी कमी नव्हती हो — माणसंच कमी!

"तात्या, दोर कापा!" दोराला लोंबकळलेली शेजारची चंद्रावहिनी ओरडली. "माणसं ओढली जातायत!"

कापायचा? तुळसाचं जाळं?

पलीकडची वाडी काठावर उभी राहून बघत होती. हाक मारावी, तर मान खाली जाते. शेवटी तात्या ओरडला — "जनू! धाव रे!"

जनू तिकडचा तांडेल. कमरेएवढ्या पाण्यातून सगळी वाडी घेऊन आला!

"काय तात्या, आज वाचा फुटली?"

"मेल्या, टोमणे मागाहून मार! दोर धर!"

धरला! दोन्ही दोर सारखे ताणले, आणि जाळं खडक चुकवून अख्खं वाळूवर आलं!

वाटे घालताना चंद्रावहिनी पुटपुटली, "त्यांना कशाला? मासळी आपली."

"वहिनी, दोर धरला त्याला वाटा. यात वाडीचं नाव कुठंय?" तात्या म्हणाला.

जनू वाटा उचलत म्हणाला, "उद्या आमची रापण आहे. आम्हीही कमीच पडतो."

"हाक मार," तात्या म्हणाला. "नाही मारलीस, तरी येईन."

मंडळी, नियम नवा केला नाही त्यानं. होता तोच खाडीपलीकडे नेला! एवढंच करायचं असतं. अवघड आहे का? बघू या! मंडपाच्या मागं पलीकडच्या आळीतली माणसं मघापासून उभी आहेत. आणि आपण इथं मांड्या पसरून ऐकतोय! हसू नका — सरका! या हो, पुढं या. तुम्ही बसल्याशिवाय मी गजर धरणार नाही.